पुराच्या रात्री कॉन्ट्रॅक्टच्या वायरमनला मारहाण झाली, पोलिसांनी एनसी घेतली, आता पुढे काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्ही सांगाल. तुमचा धाकटा भाऊ नवी मुंबईत ठेकेदाराकडे वायरमन आहे, काम वीज कंपनीचं पण पगार ठेकेदाराचा. मागच्या जुलैत नोडमध्ये, म्हणजे त्यांच्या वसाहतीत, पाणी भरलं म्हणून फीडर (त्या भागाला वीज देणारी लाईन) बंद केला होता, रात्री दीडच्या सुमाराला तो आणि कंपनीचा एक पर्मनंट टेक्निशियन डीपी (वीज वाटपाची पेटी) बघायला गेले, तिथे पंधरा-वीस जण जमले, "लाईट आत्ताच्या आत्ता चालू कर" म्हणत आधी शिवीगाळ आणि मग बांबूने मारलं. भावाच्या भुवईवर टाके पडले. पोलिसांनी रात्री एनसी लिहून घेतली आणि दोन दिवसांनी एक्स-रे काढला तर करंगळीचं हाड मोडलेलं निघालं. आता पावसाळा परत तोंडावर आलाय, आई त्याला रात्रीच्या कामाला जाऊ देत नाही, आणि तुम्ही विचारताय की याला कायद्याचं काही संरक्षण आहे का आणि त्याने ड्युटीवर जावं की नाही.

मी ठाणे कोर्टात आणि बेलापूरला एकवीस वर्षं वकिली करतेय, त्यातल्या बऱ्याच केसेस वीज आणि पाणी खात्याच्या कामगारांच्या. संरक्षण आहे. पण ते "वीज कामगार" म्हणून नाहीये, "लोकसेवक" म्हणून आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत सगळी गोम तिथेच आहे. डॉक्टर-नर्स यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, दवाखान्यात मारहाण केली की तो लागतो. खांबावर चढणाऱ्या माणसासाठी तसा वेगळा कायदा नाही, त्यामुळे आपल्याला चार ठिकाणची कलमं गोळा करून त्याच्याभोवती कुंपण घालावं लागतं.

सगळ्यात आधी एनसीचं बघू, कारण त्यात तुमचा वेळ चाललाय. एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, वहीत नोंद होते आणि एक कागद हातात मिळतो. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी यांची एनसीच होते, त्यामुळे त्या रात्री ठाणे अंमलदाराने भुवईचे टाके बघून एनसी घेतली हे मला पटत नसलं तरी कसं झालं ते कळतं. पण हाड मोडलं की ती कायद्याने "गंभीर दुखापत" होते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, मग ते करंगळीचं का असेना. आणि गंभीर दुखापत म्हणजे कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना तपासासाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागत नाही. इथे तुमचा भाऊ लोकसेवक आहे की नाही हा प्रश्न येतच नाही, रस्त्यावरच्या कुणाचंही बोट मोडलं तरी हेच कलम. शिवाय पाचपेक्षा जास्त लोक होते, म्हणजे बेकायदेशीर जमाव आणि दंगलीची कलमं, १८९ पासून १९१ पर्यंतची, तीही दखलपात्र. आणि एका घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असला की अख्खी केस दखलपात्र धरायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलीस आणि कोर्टाने काम कसं करायचं त्या कायद्याचं, कलम १७४ सांगतं. म्हणजे तो एक्स-रे रिपोर्ट हाच तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार कागद आहे आणि तुम्ही तो प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत लिहिलाय!

आता लोकसेवकाचं. पेपरात "सरकारी कामात अडथळा" असं छापतात ते कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३५३ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते १३२ झालं. बऱ्याच युनियनच्या ग्रुपवर अजून "पाच वर्षं सक्तमजुरी" असे मेसेज फिरतात, ते जुनं झालं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा पाच वर्षं केली होती आणि खटला सेशन्सला नेला होता, पण नवी संहिता आली तेव्हा १३२ मध्ये परत दोन वर्षंच लिहिली गेली. अजामीनपात्र मात्र आहे. मारहाणीत दुखापत झाली असेल तर १२१(१), त्यात पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असेल तर १२१(२), कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा. म्हणून नुसतं १३२ लावून घेऊन घरी येऊ नका, जखम असेल तर १२१ मागायचं. आणि हे फक्त डीपीसमोरच्या मारहाणीलाच लागतं असं नाही, ड्युटीवर केलेल्या कामाचा राग धरून दुसऱ्या दिवशी घराजवळ गाठून मारलं तरी लागतं.

लोकसेवक कोण, तर न्याय संहितेच्या कलम २(२८) मध्ये यादी आहे, त्यात सरकारी कंपनीच्या "नोकरीत किंवा पगारावर" असलेला माणूस येतो. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली ती सरकारी कंपनी, त्यामुळे तिचा पर्मनंट टेक्निशियन सरळ सरळ लोकसेवक. तुमच्या भावाला पगार ठेकेदार देतो, आणि आरोपीचा वकील पहिल्या तारखेपासून हाच मुद्दा धरून बसतो. भिवंडीत किंवा कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात वितरण खाजगी फ्रँचायझीकडे आहे, तिथल्या कर्मचाऱ्यांचं तर आणखी अवघड, कारण फ्रँचायझी ही सरकारी कंपनी नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम १६९ आहे, त्यात काही जणांना लोकसेवक मानलंय, पण ते वीज आयोगाचे आणि अपिलीय न्यायाधिकरणाचे लोक आणि अनधिकृत वीजवापराचं असेसमेंट, म्हणजे आकारणी, करणारा अधिकारी, लाईनमनचं नाव त्यात नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. पाण्यात उभं राहून फ्यूज टाकणारा माणूस लोकसेवक नाही आणि ऑफिसात बसून असेसमेंट काढणारा आहे, हे त्याच्या आईला कोणत्या तोंडाने समजवायचं? युनियनवाल्यांना मी दर वर्षी सांगते, पगारवाढीच्या निवेदनात ही एक ओळ घाला की कलम १६९ मध्ये कामगार टाका.

पण तोपर्यंत काय, तर तुमच्या केसमध्ये एक गोष्ट भक्कम आहे. सोबत पर्मनंट टेक्निशियन होता. हल्ला दोघांच्या कामावर झाला. मी अशा वेळी फिर्याद त्या पर्मनंट माणसाने किंवा सेक्शनच्या इंजिनिअरने द्यावी असं बघते आणि ठेकेदाराचा माणूस जखमी साक्षीदार म्हणून ठेवते. मग १३२ टेक्निशियनच्या नावावर उभं राहतं, त्यालाही मार लागला असेल तर १२१ सुद्धा, आणि गंभीर दुखापतीचं ११७ तुमच्या भावाच्या बोटावर. त्याला लोकसेवक ठरवायची लढाई हरलो तरी केस पडत नाही. उलट फिर्याद एकट्या ठेकेदाराच्या माणसाने दिली आणि पोलिसांनी फक्त १३२ लावलं तर सगळा डोलारा एका मुद्द्यावर टेकतो.

अजून एका कलमापासून सावध राहा, २२१. लोकसेवकाला अडथळा, तीन महिने किंवा अडीच हजार दंड. काही वेळा "लावलं ना कलम" म्हणून हेच लावून देतात. यात अडचण अशी की या गुन्ह्याची दखल कोर्ट तेव्हाच घेतं जेव्हा तो लोकसेवक किंवा त्याचा वरिष्ठ स्वतः कोर्टात लेखी तक्रार देतो, पोलिसांच्या चार्जशीटवर चालत नाही. माझ्या डोळ्यांदेखत दोन प्रकरणं याच कारणाने गेली, माणूस मार खाऊन बसला आणि साहेबाने कोर्टात सही करायची राहिली.

आता आपत्ती. लोकांना वाटतं पूर जाहीर झाला की आपोआप जास्त कडक कायदा लागतो, तसं नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, कलम ५१, त्यात केंद्र-राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला किंवा जिल्हा प्राधिकरणाने अधिकार दिलेल्या माणसाला अडथळा केला तर एक वर्षापर्यंत शिक्षा, त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा जीव जायची वेळ आली तर दोन वर्षं. "अधिकार दिलेल्या माणसाला" हे शब्द तुमच्या भावासाठी सोन्यासारखे आहेत. कारण इथे पगार कोण देतो हे विचारलेलंच नाही. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, त्यांच्या आदेशात वीज पुरवठा सुरळीत करणाऱ्या टीम, ठेकेदाराच्या माणसांसकट, नावानिशी किंवा यादीनिशी आल्या तर ठेकेदाराचा वायरमनसुद्धा या कलमाच्या छत्रीखाली येतो, आणि फ्रँचायझीचाही. हा कागद मे महिन्यात, मान्सूनपूर्व बैठका चालू असतात तेव्हाच करून घ्यावा लागतो. पाणी गुडघ्याला लागल्यावर कोण यादी करणार. कंपनीच्या इंजिनिअरने पत्र द्यायचं, यादी जोडायची, आदेशाची प्रत प्रत्येक गाडीत ठेवायची. एवढं लक्षात ठेवा की या कलमाखाली खटला प्राधिकरणाच्या तक्रारीवर चालतो, किंवा मग तीस दिवसांची नोटीस देऊन दुसऱ्याला तक्रार करता येते, त्यामुळे हे न्याय संहितेच्या कलमांना जोड म्हणून वापरायचं, बदली म्हणून नाही.

सबस्टेशनच्या काचा फोडल्या, रस्त्यावरची विजेची पेटी (पिलर) उलटवली, तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेचा कायदा वेगळा लागतो, विजेच्या यंत्रणेचं नुकसान म्हणजे कमीत कमी सहा महिने आणि पाच वर्षांपर्यंत. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही म्हणून यावर थांबत नाही.

आता पुरावा, आणि यावर मी जरा जास्त बोलणार, कारण केस हरतात त्या इथेच. कोर्टाला तीन गोष्टी दाखवायच्या असतात: माणूस ड्युटीवर होता, कायदेशीर काम करत होता, आणि अंगावर बळ वापरलं गेलं किंवा मारायला हात उगारला गेला. नुसती हमरीतुमरी झाली, आवाज चढला, तर १३२ टिकत नाही आणि टिकूही नये. पाणी तीन तास घरात आहे, लिफ्टमध्ये म्हातारी अडकलीय, घरी ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय, असा माणूस ओरडणारच, त्याला मी कधी गुन्हेगार म्हणत नाही. वंदना टॉकीजच्या बाजूला कंबरेएवढ्या पाण्यात लोक कसे वैतागतात हे आम्ही ठाणेकर दर दोन-तीन वर्षांनी बघतो. पण हात उचलला की तिथे फरक पडतो.

ड्युटीचा पुरावा कसा असतो ते एका केसवरून सांगते. काही वर्षांपूर्वी एक टेक्निशियन माझ्याकडे आला, घटनेला दहा दिवस झाले होते. सोबत परमिट बुक, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायच्या परवानगीची वही, आणलं होतं, पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली, त्याने ती वही गॅसच्या शेगडीजवळ ठेवून वाळवलेली, कडा तपकिरी झालेल्या. त्या एका पानावर सबस्टेशनच्या ऑपरेटरने फीडर बंद केल्याची वेळ, परमिट नंबर, टेक्निशियनचं नाव आणि लाईन परत चालू करायला रात्री उशिरापर्यंत परवानगी नव्हती हे सगळं पेनाने लिहिलेलं होतं. सबस्टेशनच्या लॉगबुकमध्ये तीच वेळ. आरोपींचं म्हणणं होतं की हा माणूस पैसे घेतल्याशिवाय लाईट देत नव्हता. त्या पानामुळे ते म्हणणं कोसळलं, कारण लाईन चालू करणं त्याच्या हातातच नव्हतं, पुढे केबल पाण्यात होती आणि परमिट परत केल्याशिवाय ऑपरेटर फीडर चार्ज करूच शकत नव्हता. सोसायटीतले दोन साक्षीदार ऐनवेळी फिरले, तरी दोघांना शिक्षा झाली. बाकी चार जण सुटले, कारण फिर्यादीत "जमावाने मारले" एवढंच होतं, कोणी काय केलं ते नव्हतं.

दुसरी केस हरले. ठेकेदाराचा हेल्पर, एकटा पाठवलेला, डोक्यात सहा टाके. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्या दिवशी त्याची दिवसपाळीच लिहिलेली, रात्री बोलावलं ते फोनवर, कागद शून्य. उलटतपासात विचारलं, तुम्ही रात्री तिथे कुणाच्या सांगण्यावरून होता? तो नाव सांगत राहिला आणि ठेकेदाराचा सुपरवायझर कोर्टात येऊन म्हणाला मी पाठवलं नाही. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून तुमच्या भावाला सांगा, रात्री फोनवर बोलावणं आलं की सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकायची, "तुमच्या सांगण्यावरून अमुक फीडरवर, अमुक टेक्निशियनसोबत निघालो", वेळ आपोआप पडते. व्हिडिओ कुणी काढला असेल तर तो ज्या फोनवर काढला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कारण नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या क्लिपपेक्षा मूळ फोनवरच्या फाईलचं वजन वेगळंच. सोसायटीचं, दुकानाचं सीसीटीव्ही असेल तर आठवड्याभरातच पत्र द्यावं लागतं, नंतर रेकॉर्डिंग पुसलं जातं. तुमच्या घटनेत ते बहुतेक गेलं असेल पण विचारून बघा, काही वेळा सेक्रेटरीने भांडणाची क्लिप काढून ठेवलेली असते. आणि जखम लहान वाटली तरी सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलातच जायचं, वाशीचं पालिका रुग्णालय, ठाण्यात सिव्हिल किंवा कळव्याचं, आणि "मारहाण झाली" असं सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद, करून घ्यायची. "पडलो" म्हणाला की तोच शब्द पेपरवर राहतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. घटनेला वर्ष होत आलं म्हणून घाबरू नका, दोन-तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांना तीन वर्षांची मुदत असते आणि त्याहून मोठ्या गुन्ह्यांना मुदतच नाही. एनसीची प्रत, टाक्यांचे पेपर, एक्स-रे रिपोर्ट, प्लेट, त्या रात्रीच्या लॉगबुकच्या नोंदीची मागणी करणारं पत्र, एवढं घेऊन सिनियर पीआयच्या नावाने लेखी अर्ज द्या की हाड मोडल्याचं नंतर निष्पन्न झालंय, दखलपात्र गुन्हा दाखल करा. पोचपावती घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय, फक्त नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, तेव्हा "चौकशी चालू आहे" म्हणाले तर तारीख लिहून ठेवा. उशीर का झाला ते अर्जात खरं खरं लिहा: पूर होता, सलग ड्युट्या होत्या, हाड मोडल्याचं नंतर कळलं. खरं कारण कोर्ट समजून घेतं, लपवलेला उशीर नडतो. नाही ऐकलं तर त्याच संहितेच्या कलम १७३(४) खाली डीसीपींकडे पोस्टाने अर्ज, तिथेही नाही झालं तर प्रतिज्ञापत्रासह बेलापूरला मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज. पायऱ्या याच क्रमाने चढायच्या, मधली सोडली की अर्ज परत येतो.

नावं लिहिताना भाऊ ज्यांना नक्की ओळखतो तेवढीच लिहा आणि प्रत्येकाने काय केलं ते लिहा, बांबू कुणाच्या हातात होता, हात कुणी धरला. रागाच्या भरात अख्ख्या सोसायटीची नावं घातली की खरे दोघंही त्याच गर्दीत सुटतात, आणि समोरून उलट तक्रार येते ती वेगळीच. अटक होईलच असंही समजू नका, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा नोटीस देऊन सोडतात. आणि मांडवली करायला कुणीतरी नगरसेवकाचा माणूस येईलच, "गरीब आहेत, बाईमाणूस आहे, मिटवून टाका". मिटवायचं की नाही हा निर्णय भावाचा, पण १३२ आणि १२१ आपसात मिटत नाहीत, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं, त्यामुळे पोलीस स्टेशनच्या बाकावर कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. बोटाच्या उपचाराचा खर्च आणि बुडालेले दिवस हे कामावर असताना झालेली इजा म्हणून मागायचे. भावाचं ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे का ते बघा, नसेल तर ठेकेदारावर कामगार भरपाईचा दावा होऊ शकतो आणि तो फौजदारी केसवर अवलंबून नाही. याचं नक्की उत्तर त्याच्या पगारावर आणि ठेकेदाराने काय कापलंय यावर आहे, तेव्हा पगाराची स्लिप बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही.

राहिलं ड्युटीला जायचं की नाही. आईचं मन मला कळतं, पण कामावर जाऊ नको असं मी सांगणार नाही. एकट्याने जायचं नाही, हे मात्र सांगेन. रात्री पाणी भरलेल्या भागात जायचं तर सोबत पर्मनंट माणूस हवा आणि आधी कंट्रोल रूमला कळवलेलं हवं. जमाव दिसला की गाडीतून उतरायच्या आधी ११२ लावायचा आणि इंजिनिअरला सांगून बंदोबस्त मागवायचा. मागे फिरलो म्हणजे काम टाकलं असं होत नाही, "जमाव आहे, बंदोबस्त मिळाल्यावर येतो" हा मेसेज ठेवून मागे फिरलेल्या माणसाची बाजू मी कोर्टात सहज मांडू शकते. आणि कितीही दमदाटी झाली तरी पाण्यातल्या केबलवर लाईन सोडायची नाही. त्या दबावाखाली फीडर चार्ज झाला आणि कुणाला शॉक लागून जीव गेला तर बांबू घेऊन उभे असलेले घरी जातात आणि निष्काळजीपणे मृत्यूचा गुन्हा, कलम १०६, पाच वर्षांपर्यंत, हा ज्याने स्विच टाकला त्याच्यावर येतो.

तुमच्या उत्तरात मला दोन गोष्टी हव्यात: तो टेक्निशियन जबाब द्यायला तयार आहे का, आणि एक्स-रे रिपोर्टवर तारीख आणि डॉक्टरची सही आहे का. टेक्निशियन तयार असेल तर अर्ज त्याच्या सहीने जाऊ द्या, नसेल तर ११७ आणि जमावाच्या कलमांवर भावाचा अर्ज वेगळा लिहावा लागेल, त्याचा मसुदा मी सांगते.